पाण्याबाहेरची वर्षं : प्रस्तावना

डायव्हिंग या खेळाच्या वाट्याला आपल्या वर्तमानपत्रांत एखादा कोपरा येतो, तोही चार वर्षांतून एकदा, ऑलिम्पिकच्या दिवसांत. एचआयव्हीच्या वाट्याला १ डिसेंबर, जागतिक एड्स दिन, येतो. त्या दिवशी लाल फीत, प्रभातफेरी, एखादा लेख आणि मग वर्षभर सामसूम. या दोन्ही विषयांची गाठ ज्या एका माणसाच्या आयुष्यात पडली, त्या ग्रेग लुगेनिसचं हे चरित्र आहे.

लुगेनिस अमेरिकन. जन्म १९६०चा. ऑलिम्पिकमधली चार सुवर्णपदकं आणि एक रौप्य, पाच जागतिक विजेतेपदं आणि अमेरिकेतली ४७ राष्ट्रीय विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. १९८४ आणि १९८८ अशा लागोपाठच्या दोन ऑलिम्पिकमध्ये स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म या दोन्ही प्रकारांत सुवर्ण मिळवणारा तो पहिला पुरुष. त्यातल्या दुसऱ्या ऑलिम्पिकच्या साधारण सहा महिने आधी त्याला एचआयव्हीची लागण असल्याचं निष्पन्न झालं. जगाला त्याने ते सांगितलं १९९५मध्ये. आज त्याने पासष्टी ओलांडली आहे.

त्याचं नाव ऐकलेल्या बहुतेकांना एकच प्रसंग आठवतो: १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये उडी मारताना त्याचं डोकं फळीवर आपटलं आणि रक्त आलं. त्यापाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो. लागण झाल्याचं माहीत असताना त्याने सांगितलं का नाही? माझं म्हणणं असं, की हा प्रश्न आपण अर्धाच विचारतो. ज्यांनी सांगितलं, किंवा ज्यांचं न सांगता बाहेर आलं, त्यांचं त्या काळात काय झालं हे पाहिल्याशिवाय गप्प राहिलेल्याचा न्याय करता येत नाही. शिवाय एका क्षणाच्या अपघातावर इतकं बोलण्याच्या नादात त्यापुढची जवळजवळ चार दशकं आपण गाळूनच टाकली. गोळ्या घेत, काम शोधत, माणसं गमावत, वय वाढवत काढलेली ती वर्षं मला पदकांइतकीच महत्त्वाची वाटतात.

आधी खेळाविषयी. विहिरीच्या काठावरून सूर मारणाऱ्या, नाहीतर मुटका मारून काठावरच्यांना भिजवणाऱ्या पोरांना यातली गंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच, की मुटक्यात जितकं पाणी उडेल तितकी वाहवा होते आणि डायव्हिंगमध्ये जितकं पाणी उडेल तितके गुण कमी होतात. ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक स्पर्धेचे दोन प्रकार असतात. पाण्यापासून तीन मीटर उंचीवरचा स्प्रिंगबोर्ड लवचिक असतो, डायव्हरला वर फेकतो. दहा मीटरवरचा प्लॅटफॉर्म अचल असतो, तिथे जी काही उसळी घ्यायची ती पायांतूनच. दहा मीटरवरून पाण्यापर्यंत पोचायला दीड-पावणेदोन सेकंद लागतात आणि पाण्याला भिडताना वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. तेवढ्या वेळात कोलांट्या, गिरक्या, शरीर उघडणं आणि हात जोडून सरळ रेषेत पाण्यात शिरणं, इतकं सगळं उरकायचं. सात पंच शून्य ते दहा गुण देतात, टोकाचे गुण वगळतात, आणि उरलेल्यांना त्या उडीच्या अवघडपणाच्या ठरलेल्या आकड्याने गुणतात. म्हणून प्रत्येक डायव्हर आधी एक जुगार खेळतो: सोपी उडी अचूक मारायची, की अवघड उडी निभावून न्यायची?

उड्यांच्या सहा गटांपैकी एक या पुस्तकात वारंवार येतो, तो रिव्हर्स. यात डायव्हर पाण्याकडे तोंड करून उभा राहतो, पुढे झेपावतो आणि हवेत कोलांट्या मात्र मागे, म्हणजे फळीच्या दिशेने घेतो. फळीपासून फार लांब गेलं तर गुण जातात, फार जवळ राहिलं तर डोकं. लुगेनिसच्या उड्यांमधले सर्वांत कठीण प्रसंग या गटाशी बांधलेले आहेत.

हा खेळ मुळात जिम्नॅस्ट लोकांनी पाण्यावर नेला. जर्मनी आणि स्वीडनमधल्या कसरतपटूंनी एकोणिसाव्या शतकात आपल्या कोलांट्या पाण्याच्या काठावर आणल्या. ऑलिम्पिकमध्ये तो १९०४मध्ये आला, स्त्रियांसाठी १९१२मध्ये. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या क्लब आणि कॉलेजांच्या तलावांवर तयार झालेल्या खेळाडूंनी अनेक दशकं त्यावर राज्य केलं. मधल्या काळात इटलीच्या क्लाउस दिब्यासीने १९६८, १९७२ आणि १९७६ अशी प्लॅटफॉर्मची तीन सुवर्णपदकं लागोपाठ जिंकली. चीनने पहिलं डायव्हिंग सुवर्ण १९८४मध्ये मिळवलं, आणि २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आठही सुवर्णपदकं त्याच देशाने नेली. लुगेनिस या दोन पर्वांच्या सांध्यावर उभा आहे. त्याची पहिली मोठी लढत दिब्यासीशी झाली आणि शेवटची एका चिनी मुलाशी.

त्याच्या उडीतलं वेगळेपण जिम्नॅस्टिक्सइतकंच नाचातून आलं. समोअन आणि स्वीडिश वंशाच्या, विशीही न गाठलेल्या आईबापांचं हे मूल. नऊ महिन्यांचा असताना कॅलिफोर्नियातल्या एल कहोन गावच्या लुगेनिस दांपत्याने त्याला दत्तक घेतलं. दमा होता, बोलताना अडखळायचा, वाचताना अक्षरं उलटसुलट दिसायची. ती डिस्लेक्सिया आहे हे फार उशिरा कळलं, तोवर शाळेत तो मठ्ठ ठरला होता. सावळ्या रंगावरूनही पोरं चिडवत. अगदी लहान वयात सुरू झालेला नाच आणि कसरती, हीच त्याला न अडखळता येणारी भाषा होती. पुढे उंच उसळी आणि हवेतली ती संथ, सैल वाटणारी लय यांनी पंच भारावून जात, त्याचं मूळ तिथे आहे.

१९७१मध्ये अकरा वर्षांच्या या मुलाला डॉ. सॅमी ली यांनी हेरलं. ली हे कान-नाक-घशाचे डॉक्टर, कोरियन आईवडिलांचे अमेरिकन पुत्र, १९४८ आणि १९५२च्या ऑलिम्पिकमध्ये प्लॅटफॉर्मचे विजेते. त्यांच्या तरुणपणीची एक गोष्ट आपल्याला चटकन कळेल. कॅलिफोर्नियातल्या पासाडिना शहरातल्या सार्वजनिक तलावावर गोरे नसलेल्यांना आठवड्यातून एकच दिवस, बुधवारी, पोहायची परवानगी होती. त्यानंतर तलावातलं पाणी बदलत. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी १९२७मध्ये डॉ. आंबेडकरांसह अस्पृश्यांनी प्यायल्यावर ते तळं पंचगव्याने ‘शुद्ध’ करून घेणाऱ्यांची आठवण महाराष्ट्राला करून द्यायला नको. कुणाच्या स्पर्शाने पाणी बिघडतं, ही समजूत कुठल्याही विषाणूपेक्षा जुनी आहे. एचआयव्ही आला तेव्हा भीतीला नवा रस्ता शोधावा लागला नाही, जुना तयारच होता.

लींच्या हाताखाली घडलेला लुगेनिस सोळाव्या वर्षी, १९७६च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकमध्ये, दिब्यासीच्या मागे दुसरा आला. नंतर रॉन ओब्रायन त्याचे प्रशिक्षक झाले आणि शेवटपर्यंत राहिले. १९८०मध्ये अमेरिकेने मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला. ऐन भरातल्या चार वर्षांवर पाणी पडलं. १९८२मध्ये एक्वादोरच्या ग्वायाकिल शहरात झालेल्या जागतिक स्पर्धेत एका उडीला सातही पंचांनी दहापैकी दहा दिले. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत असं आधी कुणाच्या बाबतीत घडलं नव्हतं. १९८४मध्ये लॉस एंजेलिसला प्लॅटफॉर्मवर त्याने ७१०.९१ गुण मिळवले. ऑलिम्पिकच्या प्लॅटफॉर्मवर सातशेचा टप्पाही तोवर कुणी ओलांडला नव्हता.

या यशाच्या कडेने मृत्यू चाललेला होता. १९७९मध्ये सोव्हिएत संघातल्या त्बिलिसी शहरात त्याचं स्वतःचं डोकं प्लॅटफॉर्मवर आपटून तो बेशुद्ध झाला होता. १९८३मध्ये कॅनडातल्या एडमंटनला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सोव्हिएत डायव्हर सर्गेई चालिबाश्विलीने रिव्हर्स साडेतीन कोलांट्यांची उडी घेतली, डोकं काँक्रीटच्या कडेवर आदळलं आणि काही दिवसांनी तो दगावला. तो एकवीस वर्षांचा होता. लुगेनिस त्या वेळी तिथेच होता. प्लॅटफॉर्म हादरल्याचं त्याला जाणवलं. तीच उडी पुढे त्याने स्वतःच्या यादीत ठेवली.

आता १९८८. आदल्या वर्षी, मार्च १९८७मध्ये, एचआयव्हीवरचं पहिलं औषध बाजारात आलं होतं, एझेडटी. ते दर चार तासांनी घ्यायचं, रात्रीसुद्धा. लुगेनिसने ते घेत सराव केला, सोललाही घेत राहिला. हे प्रशिक्षकांना आणि अगदी जवळच्या मोजक्या माणसांनाच माहीत होतं. १९ सप्टेंबरला स्प्रिंगबोर्डच्या प्राथमिक फेरीत नववी उडी होती रिव्हर्स अडीच कोलांट्यांची. उसळी सरळ वर गेली, फळीपासून पुरेशी लांब गेली नाही, आणि शरीर उघडताना डोक्याचा मागचा भाग फळीवर आपटला. तो स्वतःच पोहत काठावर आला. संघाच्या डॉक्टरांनी जखमेला टाके घातले. हातात हातमोजे नव्हते. अर्ध्या-पाऊण तासात तो पुन्हा फळीवर उभा राहिला. उडीआधी त्याने हसून छातीवर थापट्या मारल्या, काळीज किती धडधडतंय ते प्रेक्षकांना दाखवलं, लोकही हसले. ती उडी त्या फेरीतली सर्वांत जास्त गुणांची ठरली. दुसऱ्या दिवशी त्याने सुवर्णपदक जिंकलं.

आठवड्याभराने प्लॅटफॉर्मची अंतिम फेरी. चौदा वर्षांचा चिनी मुलगा श्योंग नी पुढे होता, लुगेनिसची एकच उडी बाकी होती. ती होती रिव्हर्स साडेतीन, चालिबाश्विलीचा जीव घेणारी. तो ती नीट मारून वर आला तेव्हा दोघांमधला फरक १.१४ गुणांचा होता: ६३८.६१ विरुद्ध ६३७.४७. श्योंग नीने पुढे १९९६ आणि २०००मध्ये स्प्रिंगबोर्डची सुवर्णपदकं मिळवली, हे इथेच सांगून ठेवतो. हरलेल्या पोराचं पुढे काय झालं, असा प्रश्न चांगल्या वाचकाला पडतोच.

हे सगळं घडत होतं तेव्हा एचआयव्हीभोवतीचं जग कसं होतं? जून १९८१मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या आजाराची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. १९८३मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला, १९८५मध्ये रक्ततपासणी आली. औषधाआधी तपासणी आली, म्हणजे कळायचं पण करता काही येत नसे. इंडियाना राज्यातल्या रायन व्हाइट या हिमोफिलियाच्या मुलाला रक्तातून बनवलेल्या औषधामुळे लागण झाली, तेव्हा त्याला शाळेत बसू द्यायला गावाने विरोध केला. लुगेनिसने या मुलाशी मैत्री केली होती. रायन १९९०मध्ये वारला. १९८७मध्ये अमेरिकेनेच एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसांना प्रवेशबंदी केली. ती उठायला २०१० उजाडावं लागलं. अशा काळात ऑलिम्पिकच्या तोंडावर एखाद्या खेळाडूने स्वतःहून सांगितलं असतं, तर त्याला स्पर्धेत उतरू दिलं असतं का? लुगेनिसला वाटत होतं की नाही. ती भीती निराधार होती असं आज कुणी म्हणू शकणार नाही.

एका बड्या अमेरिकन खेळाडूने आपल्याला एचआयव्ही असल्याचं जगापुढे सांगितलं ते नोव्हेंबर १९९१मध्ये. बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने पत्रकार परिषदेत ते जाहीर केलं आणि खेळ सोडला. १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये तो खेळला, पण व्यावसायिक लीगमध्ये परतायचं ठरवल्यावर काही खेळाडूंनी जाहीर शंका घेतल्या, आणि त्याने माघार घेतली. टेनिसपटू आर्थर अ‍ॅशला हृदयाच्या शस्त्रक्रियेत दिलेल्या रक्तातून लागण झाली होती. एप्रिल १९९२मध्ये एक वृत्तपत्र बातमी छापण्याच्या बेतात आहे हे कळल्यावर त्याला मनाविरुद्ध ते जाहीर करावं लागलं. दहा महिन्यांत तो गेला. फिगर स्केटिंगचा १९७६चा ऑलिम्पिक विजेता जॉन करी १९९४मध्ये गेला. या पार्श्वभूमीवर लुगेनिसने १९९४च्या गे गेम्समध्ये आपण समलिंगी असल्याचं सांगितलं आणि फेब्रुवारी १९९५मध्ये, दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत आणि पाठोपाठ आलेल्या ‘ब्रेकिंग द सरफेस’ या आत्मचरित्रात, एचआयव्हीविषयी.

मग वाद पेटला. तलावातल्या बाकीच्यांचं काय? डॉक्टरांचं काय? वैद्यकीय उत्तर सोपं होतं. लाखो लिटर क्लोरीनयुक्त पाण्यात मिसळलेल्या थोड्या रक्तातून आणि धडधाकट कातडीतून लागण होत नाही. टाके घालणाऱ्या डॉक्टरांची तपासणी निगेटिव्ह आली. नैतिक उत्तर तितकं सोपं नाही, आणि ते सोपं करून सांगण्याचा मोह मी टाळला आहे. आपण डॉक्टरांना सांगायला हवं होतं, ही टोचणी लुगेनिसने स्वतः बोलून दाखवली आहे. मात्र एक गोष्ट त्या वादात बहुतेकांनी दुर्लक्षिली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८७मध्येच सांगितलं होतं, की प्रत्येकाचं रक्त लागण असल्यासारखंच हाताळावं, कारण कुणाला लागण आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं आणि पुष्कळदा त्या माणसालाही ठाऊक नसतं. सुरक्षितता आजाऱ्याच्या कबुलीवर सोडली की ती कधीच पुरी होत नाही. हातमोजे सगळ्यांसाठी घातले की कुणाला कबुली द्यावी लागत नाही आणि धोकाही खूप कमी होतो. रक्त येत असलेल्या खेळाडूने जखम झाकेपर्यंत मैदानाबाहेर थांबायचं, हा आज अनेक खेळांत रुळलेला नियम याच शहाणपणातून आला.

या विषयावर जे लिहिलं-दाखवलं गेलं, त्यात मला चार वाटा दिसतात. पहिली क्रीडालेखनाची: पडला, उठला, जिंकला. तिला जिद्द दिसते, आजार दिसत नाही. दुसरी आत्मकथनाची. लुगेनिसचं आणि अ‍ॅशचं पुस्तक तिच्यातलं. ती आतून बोलते, म्हणून लज्जा, भीती आणि पैशांची चणचणही सांगते. लुगेनिसचे व्यवहार ज्याच्या हाती होते, त्या जोडीदारानेच आपल्यावर अत्याचार केले आणि आपल्याला लुबाडलं, हे त्याने याच वाटेने सांगितलं. तिसरी चळवळीची आणि कायद्याची. ती एका माणसाच्या गोष्टीपेक्षा औषधांच्या किमती, नोकरीचा हक्क आणि गोपनीयता यांवर बोलते. चौथी सिनेमा-माहितीपटांची. १९९७चा दूरचित्रपट अपघाताभोवती फिरला, तर २०१४चा ‘बॅक ऑन बोर्ड’ हा माहितीपट घरावरच्या कर्जाने गांजलेल्या पन्नाशीतल्या लुगेनिसपर्यंत पोचला. प्रत्येक वाटेने काही दाखवलं आणि काही झाकलं. या पुस्तकात मी पहिल्या वाटेवरून सुरुवात करतो, पण थांबतो तिसरीजवळ.

याचं कारण भारतातला इतिहास आहे. आपल्याकडे पहिल्या केसेस १९८६मध्ये चेन्नईत सापडल्या, त्या डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पुढाकारामुळे. त्या मूळच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी उभ्या केलेल्या वायआरजी केअर या संस्थेच्या नावात त्यांच्या वडिलांची आद्याक्षरं आहेत. १९८९मध्ये गोव्यात जे घडलं ते लुगेनिसच्या मौनाचं सर्वांत बोलकं स्पष्टीकरण आहे. तिथला डॉमिनिक डिसूझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीतून त्याला एचआयव्ही असल्याचं निघालं, आणि त्याला धड काही सांगण्याआधी पोलिसांनी उचललं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती. एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस ठेवलं. त्याच्या आई लुसी डिसूझा न्यायालयात गेल्या. डॉमिनिकची सुटका झाली, मात्र ती तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने वैध ठरवली. डॉमिनिकने लपवलं काहीच नव्हतं. त्याने फक्त रक्त दिलं होतं. १९९२मध्ये मृत्यूच्या थोडंसं आधी त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था सुरू केली. त्याच्या आयुष्यावरून सुचलेल्या ‘माय ब्रदर निखिल’ या २००५च्या चित्रपटात दिग्दर्शक ओनीर यांनी नायकाला गोव्याचा जलतरणपटू केलं. पाणी आणि विटाळ यांचं नातं त्यांनाही दिसलं असावं.

औषधांच्या इतिहासातही आपला हात आहे. १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि मरणाला टेकलेली माणसं उठून बसली. लुगेनिस या वळणापर्यंत जगला, म्हणून पुढे जगला. त्याच्या पिढीतले असंख्य जण दोन-चार वर्षांनी चुकले. पण त्या उपचाराचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरहूनही कमी दरात, द्यायची तयारी दाखवली आणि जगभरातल्या किमती कोसळल्या. १ एप्रिल २००४पासून भारत सरकारने ही उपचारपद्धती, म्हणजे एआरटी, मोफत सुरू केली, तीही अगदी थोड्या रुग्णालयांतून, मुंबईचं जे. जे. त्यांत होतं. आज जिल्ह्याच्या ठिकाणी एआरटी सेंटर असतं आणि बाहेर महिन्याच्या गोळ्यांसाठी आलेली माणसं ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून मान खाली घालून बसलेली असतात. औषध स्वस्त झालं, लाज तेवढी झाली नाही.

कायदा मात्र बदलला. एचआयव्हीसह जगणाऱ्यांशी नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करायला मनाई करणारा, संमतीशिवाय तपासणी आणि वाच्यता रोखणारा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८ला अमलात आला. त्याच्या चारच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना ३७७ कलमातून मुक्त केलं. लुगेनिसला ज्या दोन गोष्टी लपवाव्या लागल्या, त्या दोन्हींना भारतीय कायद्याने एकाच आठवड्यात मोकळीक दिली, हा योगायोग मोठा आहे.

विज्ञानही पुढे गेलं. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला, की लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याकडे जात नाही, हे मोठ्या अभ्यासांनी २०१६ आणि २०१९मध्ये पक्कं केलं. त्याच २०१९मध्ये वेल्सचा माजी रग्बी कर्णधार गॅरेथ थॉमस याने एका वृत्तपत्राच्या दबावाखाली आपली स्थिती जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली. अ‍ॅशच्या आणि त्याच्या कबुलीत सत्तावीस वर्षांचं अंतर आहे. औषधं बदलली होती, दबाव तोच होता. आणि २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक देशांत एचआयव्हीच्या सेवा कोलमडायला लागल्या. हा विषय इतिहासजमा झाला, असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

लुगेनिसच्या पाण्याबाहेरच्या वर्षांत नाट्य कमी आणि जगणं जास्त आहे. नाट्यशास्त्राची पदवी त्याने १९८३मध्येच घेतली होती. १९९३मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘जेफ्री’ नाटकात त्याने एड्सने मरणाऱ्या तरुणाची भूमिका केली, स्वतःविषयी काही न सांगता. कबुलीनंतर बहुतेक प्रायोजक दुरावले. त्याने ग्रेट डेन कुत्री पाळली, कुत्र्यांच्या चपळाईच्या स्पर्धांत उतरला, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. डायव्हिंगच्या जगाने त्याला बराच काळ लांब ठेवलं. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी मात्र तो अमेरिकन डायव्हरांचा मार्गदर्शक म्हणून परतला. अमेरिकेत विजेत्या खेळाडूचं चित्र व्हीटीज नावाच्या न्याहारीच्या खोक्यावर झळकणं हा मान समजला जातो. त्याला तो २०१६मध्ये मिळाला, तोही लोकांनी सह्यांची मोहीम चालवल्यावर. २०२५मध्ये त्याने तीन ऑलिम्पिक पदकं लिलावात विकली आणि पनामाला राहायला गेला. पैशांची गरज होती हे त्याने लपवलं नाही.

या पुस्तकाची बैठक साधी आहे. स्पर्धांच्या नोंदी, लुगेनिसची स्वतःची कथनं आणि त्या त्या वर्षीचं वैद्यकीय नि कायदेशीर वास्तव मी शेजारी शेजारी ठेवलं आहे, म्हणजे एका वर्षी तो काय करत होता आणि जग त्याच्यासारख्यांशी कसं वागत होतं, हे एकत्र दिसेल. उड्यांची वर्णनं मी मुद्दाम सावकाश केली आहेत, कारण तो आधी कलावंत आहे, नंतर रुग्ण. त्याला संत करण्याचा प्रयत्न नाही. तो घाबरला, चुकीच्या माणसावर विसंबला, डॉक्टरांपुढे गप्प राहिला. हे सगळं या पानांत आहे. वाचून वाचकांनी त्याला दोष दिला तरी माझी हरकत नाही, फक्त गोव्याच्या डॉमिनिकचं प्रकरण वाचल्यावर द्यावा.

देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे, म्हणून शेवटी हेही इथेच लिहून ठेवतो. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत तपासणी आणि समुपदेशन मोफत होतं. अहवाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. लागण असल्यास औषधं लगेच सुरू होतात आणि आयुष्यभर मोफत मिळतात. माहितीसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा (नाको) १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे.